कातरण

डिसेंबरात जेलरोडची हवा कोरडी पडते
आणि निमिषची कातडी तिच्याही आधी.
कोपराची खळी, गुडघ्यामागची घडी,
कानाच्या पाळीखालची ती चीर,
चार दिवस मिटते, पाचव्या दिवशी
तो नुसता हसला तरी उघडते.

रात्री दोनला आवाज येतो. खर्र. खर्र.
हातांना मोजे घातलेत, तरी येतो.
मी अंधारात मोजतो.
मोजणं माझ्या बोटांतच आहे.
सतरा वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये,
तपासणीच्या टेबलावर,
कोऱ्या करकरीत कागदांत
आकडा सरकलेला, शाई फुटलेला
एक कागद हुडकत.
परवा एकशे चाळीसवर पोचलो,
तेवढ्यात त्याची आई उठली
आणि मलमाची ट्यूब खालून गुंडाळत आणू लागली.

वांगं बंद केलं. अंडं बंद केलं.
सिन्नरच्या आत्याच्या सांगण्यावरून दहीसुद्धा.
कुणी कडुनिंब सांगितला, कुणी गाढविणीचं दूध.
खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काहीच नाही सांगितलं,
नुसतं विचारलं, "लागतं का हो हे दुसऱ्याला?"
आणि नातीला आत बोलावलं.

द्वारकेच्या पुढे ते हॉस्पिटल.
रिजवाना मॅडम संशोधन करतात.
त्यांना दोन मिली रक्त हवं होतं.
मी म्हटलं, खाज कातडीला, रक्तात काय बघणार?
त्यांनी संमतीपत्राच्या पाठीवर
पेनाने तीन पानांचं काहीतरी काढलं, बेलासारखं.
"हे आरएनए. पेशीतले हमाल समजा,
प्रथिनं बनतात तिथे माल पोचवणारे.
पेशीवर ताण आला की हमालांचेच तुकडे होतात.
तुकडे रक्तात उतरतात.
इतकी वर्षं आम्ही त्यांना कचरा समजायचो."
"आणि आता?"
"आता वाटतंय, कुठले तुकडे किती, ते मोजलं
तर कळेल कदाचित,
कुणाचा इसब वाढत जाणार
आणि कुणाचा शाळेत जाईतो आपोआप विरणार. कदाचित."
दोनदा म्हणाल्या कदाचित.
तेवढ्यावर मी सही केली.

त्यांना सांगणार होतो, राहून गेलं,
की आमच्याकडे बाद कागदाचं कातरण होतं
आणि कातरणाचाही हिशोब असतो.
वजन जुळल्याशिवाय पाळी सुटत नाही.
एकदा बुटाच्या तळाला चिकटून आलेला
नखाएवढा हिरवा तुकडा
मी फाटकातून परत नेऊन दिला होता.
कचरा हा शब्द
मला कधी नीट जमलाच नाही.

निमिष रडला नाही. नळी लाल होताना बघत बसला.
नळीवर नाव नाही, नंबर: न-०४१.
"माझं रक्त परत देणार?" त्याने विचारलं.
"नाही रे."
"मग मोजून तरी ठेवतील ना?"
रिजवाना मॅडम हसल्या.
यंत्रात फिरवतील म्हणाल्या, वरचं पिवळं पाणी काढून घेतील,
उणे ऐंशीला ठेवतील,
निफाडच्या थंडीहून कितीतरी खाली.

बायकोने रिक्षात विचारलं, आपल्याला काय मिळणार यातून?
येण्याजाण्याचे दीडशे रुपये
आणि निमिषला एक कंपासपेटी.
निकाल आपल्याला सांगणार नाहीत.
मिळाला तर पुढच्या कुणाला मिळेल,
अजून रांगायलाही न लागलेल्या.
ती बिटको चौकापर्यंत गप्प होती.
मग म्हणाली, कंपासपेटी बरी आहे.

सकाळी गडद निळी चादर गॅलरीत झटकायला नेतो.
तिच्यावर त्याची रात्र पांढरी पडलेली असते,
मिठासारखी, कोंड्यासारखी.
रोज झटकतो. आज जरा वेळ हातात धरून उभा राहिलो,
मग झटकली.

मागून दात घासत तो आला.
"बाबा, काल किती झाले?"
मी चादरीची घडी घालत विचारलं, काय किती?
"तू मोजतोस ना रात्री. ओठ हलतात तुझे."
"शंभरावर बारा."
"परवापेक्षा कमी?"
"कमी."
तोंडातला फेस सांभाळत तो म्हणाला,
"मी मुद्दाम हळू खाजवतो,
तुझे आकडे चुकू नयेत म्हणून."